कानाची सुट्टी



ह्या व्याख्यानमालेचे चिटणीस विषय विचारायला आले, तेव्हा आम्ही ‘कान’ असे एकाच शब्दात सांगितले. त्यांना वाटले, युनियनचा माणूस आहे, कामगारांची गाऱ्हाणी सरकारच्या कानावर घालणार. आज तसे काही करावयाचे नाही. आज आपल्याच कानांविषयी बोलावयाचे आहे.

प्रथम आमचा अधिकार सांगतो, कारण तो फार थोडा आहे. आम्ही डॉक्टर नव्हे. सातवी झाल्यावर इचलकरंजीतल्या एका माग-कारखान्यात कांड्या भरायला लागलो, पुढे मागावर उभे राहिलो आणि मग युनियनचे काम अंगावर आले. शिक्षण झाले ते कचेरीतल्या वर्तमानपत्रांवर आणि नगरवाचनालयाच्या फळीवर. पण ह्या विषयातला एक दाखला आमच्यापाशी आहे, आणि तो चोवीस तास जवळ असतो. आमच्या दोन्ही कानांत रातकिडे ओरडतात. ह्या क्षणी, तुमच्यासमोर बोलतानाही ओरडत आहेत. ह्याला कर्णनाद म्हणतात. हे दुखणे नवे नाही. सुश्रुतसंहितेने कानाच्या रोगांत त्याची वेगळी गणना केली आहे. इटलीतले रामाझ्झिनी नावाचे वैद्य अठराव्या शतकाच्या आरंभी कारागिरांचे रोग लिहीत होते. तांब्याची भांडी ठोकणाऱ्यांचे कान त्या ठोक्यांनी जातात, हे त्यांनी नोंदून ठेवले आहे. आमच्याकडच्या तांबट आळीत हे सांगायला वैद्य लागला नसता.

आता मूळ गोष्टीकडे येतो. तीन वर्षांपूर्वी कांड्या भरणाऱ्या एक बाई कचेरीत आल्या. हळू आवाजात म्हणाल्या, “दर आठवड्याला साठ रुपये कापतात.” आम्ही ऐकले, “आठ रुपये कापतात.” आणि आम्ही, पैशापैशासाठी दारात धरणे धरणारे आम्ही, त्यांना म्हणालो, “आठ रुपयांसाठी भांडण कशाला वाढवता, बाई?” त्या काही न बोलता उठून गेल्या. खरे काय ते महिन्याभराने दुसऱ्याकडून कळले. त्यांचे पैसे पुढे मिळाले. पण त्या दिवशी त्या पायऱ्या उतरल्या तेव्हा त्यांच्या मनात आमच्याविषयी काय आले असेल, ते आम्हांला अजून टोचते.

असे का झाले, ते नंतर कान तपासून घेतल्यावर समजले. मोठ्या आवाजाने कान जातो तो एकदम सगळा जात नाही. आधी उंच पट्टीचे ध्वनी जातात. ‘स’, ‘श’, ‘फ’ ही अक्षरे त्याच पट्टीतली. ‘साठ’मधला ‘स’ गळला की ‘आठ’ उरते. माणसाला वाटते, आपल्याला ऐकू तर येते आहे. लोकच हल्ली पुटपुटतात!

कानाच्या आत शंखाच्या आकाराची एक पोकळी आहे. तीत सूक्ष्म केसांच्या सुमारे पंधरा हजार पेशी असतात. गवत एकदा तुडवले तर पुन्हा उभे राहते; रोज तुडवले तर तेथे पायवाट पडते आणि मग काही उगवत नाही. ह्या पेशींचे तसेच आहे. मेलेली पेशी माणसाच्या कानात पुन्हा उगवत नाही. तिच्याकडून निरोप येईनासा झाला की मेंदू आपल्या बाजूने आवाज वाढवून ऐकू पाहतो, आणि बाहेर काही नसताना शिट्टी ऐकू येते, असे ह्या रोगाचे बहुतेक जाणकार मानतात.

हे सारे मागाने केले, असे आम्ही पुष्कळ वर्षे म्हणत होतो. धोट्याच्या खडखडाटात आम्ही ओठांच्या हालचालींवर आणि हाताच्या खुणांवर बोलत असू. तेव्हा दोष कारखान्याचा, हे सोयीचे होते, आणि बरेचसे खरेही होते. पण पाळी सुटल्यावर आम्ही कोठे जात होतो? गणपतीच्या आधी महिनाभर ढोलाच्या सरावाला! एवढेच नव्हे, कानात बोळे घालून आलेल्या एका पोराची आम्ही सर्वांदेखत टर उडवली होती. तो आज आमच्या मुलाच्या वयाच्या पोरांना ढोल शिकवतो, आणि मोठ्याने बोलल्याशिवाय त्याला समजत नाही.

मंडळी, कानापाशी दोन वह्या नसतात. कामाचा आवाज एका वहीत आणि हौसेचा दुसऱ्या, असा हिशेब तो ठेवीत नाही. आवाज नकोसा असो की आवडीचा, जमा एकाच खात्यावर होतो. हा हिशेब सोपा आहे. ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तास, एवढा कानाचा शिधा धरतात. आवाज ३ डेसिबलने वाढला की वेळ निम्मा. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, ९४ ला एक तास आणि १०० ला अवघी पंधरा मिनिटे. ९४ डेसिबलच्या कारखान्यात उघड्या कानांनी आठ तास काढणारा माणूस एका पाळीत आठ दिवसांचा शिधा संपवतो, आणि मग सरावाला जातो. पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचे विद्यार्थी लक्ष्मी रस्त्यावर विसर्जन मिरवणुकीचा आवाज वर्षानुवर्षे मोजत आले आहेत. १०० च्या पलीकडे गेलेले आकडे त्यांत आहेत. हा रस्त्यावरचा आवाज. ताशा ज्याच्या छातीशी आहे, त्याचे काय?

नारायण मेघाजी लोखंडे ह्यांच्या झगड्याने मुंबईच्या गिरणीकामगारांना १८९० साली रविवारची सुट्टी मिळाली. ती हातापायांना मिळाली, डोळ्यांना मिळाली. पण कानांना ती आपण दिली आहे काय? कारखान्यात निदान कायदा आहे. आवाजाने आलेले बहिरेपण हा व्यवसायजन्य रोग मानला जातो, त्याची भरपाई मागता येते. उत्सवात मालक नाही, निरीक्षक नाही, भरपाई नाही. आवाजाविषयीचे २००० सालचे नियम आहेत, पण ते शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या झोपेसाठी. ढोल वाजवणाऱ्याचे कान त्याने स्वतःच राखावयाचे असतात.

गेल्या वर्षी पथकातला एक तरुण आमच्याकडे आला. मागावर काम करतो, कानात शिट्टी सुरू झालेली. म्हणाला, “काका, आता ढोल सोडू का?” त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हते. आठवडाभर धाग्याशी झुंजणाऱ्या माणसाला वर्षातून एकदा चारचौघांत छाती काढून उभे राहता येते, ते तेथे. तो आनंद काढून घेण्याचा अधिकार आम्हांला कोणी दिला? आम्ही म्हटले, “बाबा, संप लगेच पुकारायचा नसतो. आधी अटी घालायच्या.” त्याला घातलेल्या अटी तुम्हांलाही सांगतो.

पहिली अट अंतराची. मोकळ्या जागी अंतर दुप्पट केले की आवाज सुमारे ६ डेसिबलने उतरतो. बोळात मात्र भिंती तो परत फेकतात. म्हणून कर्ण्यांच्या भिंतीसमोर नाचू नये, नाटक-सिनेमाला कर्ण्याजवळची खुर्ची घेऊ नये, आणि कोणी हातात फटाका पेटवत असेल तर तेथून निघावे. कानाजवळ फुटलेल्या फटाक्याला तासांचा हिशेब लागत नाही, एकच पुरतो.

दुसरी अट बोळ्यांची. साधा कापूस उपयोगाचा नाही. त्यातून आवाज आरपार जातो. औषधाच्या दुकानात फोमचे बोळे मिळतात. स्वच्छ बोटांनी बोळा वळून वातीसारखा बारीक करावा, दुसऱ्या हाताने कान वर आणि मागे ओढावा, बोळा आत सारावा आणि तो फुगेपर्यंत बोटाने धरावा. आपलाच आवाज घुमू लागला की नीट बसला. अर्धवट बसलेला बोळा हा कागदावरचा करार असतो. वादकांसाठी वेगळे बोळे येतात. ते सगळ्या पट्ट्या सारख्या उतरवतात, त्यामुळे ताल आणि सूर बिघडत नाहीत.

तिसरी अट विश्रांतीची. पाळी सुटल्याबरोबर सरावाला जाऊ नये, दोन सरावांमध्ये शांत दिवस जाऊ द्यावा. ढोल झाल्यावर कान दडे बसल्यासारखे झाले आणि शिट्टी वाढली, तर तो इशारा समजावा. सकाळी बरे वाटले म्हणून वसूल झाले असे नाही. २००९ साली अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत ऐकणे पूर्ववत झाल्यावरही कानातील मज्जातंतूंचे जोड कायमचे तुटलेले आढळले.

चौथी अट थोडी उलटी वाटेल. बोळे दिवसभर घालू नयेत. आम्ही ही चूक केली. शिट्टीच्या भीतीने घरात, बाजारात, सगळीकडे कान बंद ठेवू लागलो. परिणाम असा की भांड्याचा आवाजही सोसेना आणि आतले रातकिडे अधिकच मातले. साधा, नेहमीचा आवाज कानाचे अन्न आहे. रात्री पंखा चालू ठेवावा, नाही तर रेडिओ अगदी बारीक लावावा. मात्र आतला आवाज बुडवण्यासाठी कानात यंत्रे घालून गाणी मोठ्याने लावू नयेत. ऐकण्याच्या यंत्रांसाठी जागतिक आरोग्य संघटनेने आठवड्याला ८० डेसिबलचे चाळीस तास ही मर्यादा घातली आहे.

आणि शिट्टी एकाच कानात असेल, नाडीच्या ठोक्याबरोबर वाजत असेल, चक्कर येत असेल, किंवा अचानक ऐकू येईनासे झाले असेल, तर अटी बाजूला ठेवून त्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे जावे. अचानक आलेल्या बहिरेपणात दिवस मोलाचे असतात. खात्रीने शिट्टी थांबवणारे औषध आजवर निघालेले नाही. तेव्हा तसे सांगणाऱ्याला पैसे देऊ नयेत.

त्या तरुणाने ढोल सोडला नाही. ह्या गणपतीत तो बोळे घालून, ताशांपासून दूरच्या रांगेत उभा होता. कारखान्यातही बोळे मागितले आहेत. ते मिळवून देणे हे आमचे काम. शिट्टी गेलेली नाही, पण वाढलेलीही नाही असे तो म्हणतो. पथकातल्या आणखी चौघांनी त्याच्याकडून बोळे मागून नेले. कोणी टर उडवली नाही.

त्या बाईंकडे आम्ही नंतर गेलो आणि चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, “तुम्हाला ऐकू आलं नाही, तर तसं सांगायचं होतं. मी पुन्हा बोलले असते.” तेव्हापासून कचेरीत कोणी हळू बोलले, की आम्ही लाजत नाही. खुर्ची पुढे ओढतो आणि म्हणतो, पुन्हा सांगा. आपणही आपल्या घरच्या माणसांना हे म्हणावे, आणि त्यांनी सांगितलेले ऐकू येण्यापुरता कान शिल्लक ठेवावा, एवढीच विनंती आहे.

आपण शांतपणे ऐकून घेतलेत. आमच्या कानांना तर ती सुट्टीच झाली.