शिकले आणि निघून गेले

आजच्या मलावीत, सरोवराकाठी १८७५ मध्ये स्कॉटिश मिशनरी उतरले. त्यांत डॉक्टर रॉबर्ट लॉज होते. हिवतापाने साथीदार दगावले, दोनदा ठाणे हलवावे लागले. अखेर १८९४ मध्ये उंच पठारावर लिव्हिंग्स्टोनिया वसले. तिथे बायबलबरोबरच सुतारकाम, गवंडीकाम, छपाई शिकवत. पण शिकलेल्या पोरांना गावात काम कुठले? कितीतरी जण दक्षिणेकडच्या खाणींकडे गेले. लॉज १९२७ पर्यंत तिथेच राबले, गाव मात्र रिकामे होत राहिले. मला यात नुसते अपयश दिसत नाही. याच शाळेत शिकलेल्या क्लेमेंट्स कडालींनी १९१९ मध्ये केपटाऊनला कामगार संघटना काढली, आणि त्याच वर्षी गोदी कामगार संपावर गेले.