तीन पानांचा डाव

कार्तिक शुद्ध प्रतिपदेस द्यूतप्रतिपदा म्हणण्याची चाल जुनी आहे. दिवाळींत नाशिकच्या वाड्यांतून पत्ते निघतात आणि रात्र चढली कीं तीन पत्तीचा डाव मांडला जातो.

आरंभीं प्रत्येक गडी ठराविक रक्कम मध्यें टाकतो. तिला बूट म्हणतात. मग तीन-तीन पानें वांटून पाळीपाळीनें पैसे लावावयाचे, नाहीं तर पानें टाकून द्यावयाचीं. पानें न पाहतां खेळणारा जितक्यावर टिकतो, त्याच्या निदान दुप्पट रक्कम पानें पाहिलेल्यास द्यावी लागते. ज्ञानाला दंड आणि अज्ञानाला सवलत, असा हा उलटा न्याय आहे.

समजा, चार गडी आहेत व बूट रुपयाचा आहे. पहिल्यानें आंधळा रुपया लावला, दुसऱ्यानें पानें पाहून दोन लावले. मध्यें सात रुपये झाले. तिसऱ्यानें पानें पाहिलीं. त्यास टिकण्यास दोन रुपये हवेत. पुढें चाल वाढली नाहीं असें धरल्यास, अशा नऊ प्रसंगांत तो दोनदां जिंकला तरच जमाखर्च बरोबर होतो. त्या सातांतील एक रुपया मूळचा त्याचाच. पण मध्यें पडतांच तो कोणाचाच राहिला नाहीं. हिशेब पुढच्या दोन रुपयांचा करावयाचा, गेलेल्या एकाचा नव्हे. युधिष्ठिर हेंच विसरला. गेलेलें परत आणण्यासाठीं त्यानें राज्य, भाऊ, स्वतःचा देह आणि शेवटीं द्रौपदीही पणास लावली.

बावन्न पानांतून तीन पानांचे २२,१०० जुळाव होतात. त्यांपैकीं १६,४४० जुळावांत साधी जोडीही नसते. म्हणजे चारांतील तीन हात बहुधा रिकामेच. तरीही चाल वाढत जाते, कारण मोठी रक्कम लावणें म्हणजे 'माझीं पानें भारी आहेत' असें न बोलतां सांगणें होय. तें खरें असेलच असें नाहीं. ज्याचा खिसा मोठा, त्याची थाप अधिक टिकते.

सार्वजनिक जागीं जुगार खेळणें व त्याचा अड्डा चालविणें हे १८८७ च्या कायद्यानें गुन्हे ठरले. २०२५ सालीं संसदेनें भ्रमणध्वनीवरील पैशांच्या खेळांसही बंदी केली. परंतु घरच्या सतरंजीवर पहारा कोणाचा? नाशिकरोडला १९२८ पासून नोटांचा छापखाना आहे. तरी त्या गांवांतही पगार मोजकाच येतो. मुलें शेजारीं बसून पाहत असतात. पानें केव्हां टाकावीं, हें वडील माणसानें त्यांच्यादेखत करून दाखवावें. तोच त्या रात्रीचा खरा लाभ होय.