धरणाचा सांडवा आणि संगणकाची बेरीज

निर्मल म्हटले म्हणजे लाकडी खेळणी व सोनेरी चित्रे डोळ्यांसमोर उभी राहतात. ह्याच गावाच्या दक्षिणेस गोदावरी वाहते आणि तिच्यावर पोचमपाडचे श्रीरामसागर धरण आहे. १९६३ साली पंडित नेहरूंच्या हस्ते त्याची कोनशिला बसली. मूळ योजनेत त्याची क्षमता ११२ टीएमसी धरलेली होती. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट. हा साठा संगणकात घनफुटांनी मांडावयाचा झाल्यास काय होते, हे पाहिले म्हणजे संगणकशास्त्रातील एक सूक्ष्म पण धोक्याचा प्रश्न ध्यानात येतो.

संगणकात प्रत्येक संख्येसाठी ठराविक मापाचा खण असतो. सी ह्या भाषेतील नेहमीचा पूर्णांकाचा खण आज बहुतेक यंत्रांवर ३२ बिटांचा असतो. त्यात मावणारी सर्वांत मोठी संख्या २१४ कोटी ७४ लाख ८३ हजार ६४७ ही होय. म्हणजे दोन टीएमसीहून थोडे अधिक पाणी झाले की खण भरला! त्यात आणखी एक मिळविला, तर यंत्र सामान्यतः तितकीच मोठी ऋण संख्या दाखविते. धरण तुडुंब असता कागदावर ते कोरड्याहूनही कोरडे ठरते.

आता समजा, एका दक्ष प्रोग्रॅमरने खबरदारी म्हणून लिहिले : साठ्यात आवक मिळवा, बेरीज मूळ साठ्याहून लहान आली, तर धोक्याची घंटा वाजवा. वरवर पाहता ही युक्ती चोख वाटते. परंतु माणसाने लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरविण्याचे काम कंपायलर नावाचा दुसरा प्रोग्रॅम करतो, आणि तो केवळ भाषांतर करीत नाही. वेग वाढविण्यासाठी अनावश्यक वाटेल ते गाळतो. १९८९ च्या सी भाषेच्या प्रमाण नियमांनुसार चिन्हयुक्त पूर्णांक ओसंडला, तर पुढे काय व्हावे ह्याचे कोणतेच बंधन नाही. त्या काळी निरनिराळी यंत्रे ऋण संख्या निरनिराळ्या रीतीने मांडीत, म्हणून ही मोकळीक ठेवण्यात आली होती. कंपायलर तिचा अर्थ असा घेतो की, शुद्ध प्रोग्रॅममध्ये बेरीज कधी ओसंडतच नाही. मग 'साठा अधिक आवक हे साठ्याहून कमी आहे काय ?' ह्या प्रश्नाचे रूप 'आवक ऋण आहे काय ?' एवढेच उरते. आवक ऋण नसते. म्हणून घंटा कधीच वाजत नाही. पहारेकरी नेमला, पण फाटक उघडण्यापूर्वीच त्याला रजा मिळाली!

ही केवळ कल्पना नव्हे. १९८७ साली प्रथम प्रसिद्ध झालेल्या जीसीसी ह्या विनामूल्य कंपायलरविषयी जानेवारी १९०७ नव्हे, तर २००७ साली नेमकी अशीच तक्रार नोंदविली गेली. '१०० मिळविल्यावर संख्या मोठीच व्हावी' ही चाचणी कंपायलरने गाळून टाकली होती. निर्मात्यांचे उत्तर असे की, नियमभंग प्रोग्रॅमचा आहे, कंपायलरचा नव्हे. एप्रिल २००८ मध्ये अमेरिकेतील कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सर्ट संस्थेनेही स्मृतीतील पत्त्यांच्या अशाच तपासण्या गळून पडतात, असा इशारा दिला.

मग कंपायलर हा हट्ट सोडत का नाही ? त्यामागेही कारण आहे. एखाद्या संख्येस दोहोंनी गुणून लगेच दोहोंनी भागले, तर उत्तर तीच संख्या. ओसंडणे नाहीच असे मानले म्हणजे ह्या दोन्ही क्रिया वगळता येतात. लक्षावधी वेळा फिरणाऱ्या आवर्तनांत अशा काटकसरीने बराच वेळ वाचतो. जीसीसीच्या अंतर्रचनेचा अभ्यास मुंबईच्या आय. आय. टी. मध्ये प्रा. उदय खेडकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केला आणि त्यावर कार्यशाळाही घेतल्या. कंपायलरचे हे अंतरंग मराठी मुलखापासून दूर नाही.

उपाय कोणते ? जावा भाषेने ओसंडल्यावर संख्या फिरून ऋण टोकाशी यावी, असा स्पष्ट नियमच केला. जीसीसीलाही 'एफ-रॅप-व्ही' ह्या सूचनेने तसेच वागावयास लावता येते. ६४ बिटांचा खण घेतला, तर ११२ टीएमसी त्यात सहज मावतात. परंतु सर्वांत साधा उपाय धरणावरचा माणूस जाणतो. पाणी आल्यानंतर तो जागा मोजीत नाही. येण्यापूर्वीच किती जागा शिल्लक आहे ते पाहतो. प्रोग्रॅममध्येही कमाल मर्यादेतून साठा वजा करावा आणि उरलेली जागा आवकेहून कमी असेल, तर बेरीज करूच नये. ह्या तपासणीत काहीच ओसंडत नाही. म्हणून कंपायलरला ती गाळण्याचा अधिकारही उरत नाही.

पूर ओसरल्यावर सांडव्याची दारे उघडून लाभ नसतो. गणिताचेही तसेच आहे : मर्यादेचा विचार बेरजेच्या आधी करावयाचा असतो, नंतर नव्हे.