पुन्हा बघ
(स्नेहमेळाव्यातील मनोगत)



संयोजकांनी मला ‘घराची सजावट’ या विषयावर बोलायला सांगितलं. मी काही त्यातली पदवीधर नाही. माझ्याकडे आहे ती फक्त एक वही, आणि तिची सुरुवात आपल्या शाळेत झाली.

नववीची औंधची सहल आठवते ना? टेकडीवरच्या यमाईचं दर्शन घेऊन आपण संग्रहालयात आलो. बाळासाहेब पंतप्रतिनिधी स्वतः चित्रकार. त्यांनी जमवलेल्या कलावस्तूंसाठी १९३८ साली हे संग्रहालय उभं राहिलं. बहुतेकजण राजा रविवर्म्याच्या चित्रांपुढे गोळा झाले. चित्रकलेच्या सरांनी मात्र सांगितलं होतं, ‘एकाच वस्तूसमोर दहा मिनिटं उभं राहायचं आणि काय दिसलं ते पेन्सिलनं काढायचं.’ माझ्या वाट्याला हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचं ‘आई आणि मूल’ आलं. मी दोन मिनिटांत रेघा ओढल्या आणि खाली लिहिलं, ‘शिल्प अर्धवट राहिले आहे.’ वर्ग हसला. सरांनी पानावर दोनच शब्द लिहिले, ‘पुन्हा बघ.’ मला राग आला होता. पण ती वही मी टाकली नाही.

पुढे पाहिलेलं तिच्यात काढत गेले. वाईजवळच्या मेणवलीला नाना फडणविसांच्या वाड्यातली भित्तिचित्रं, तिथले चौक, जाड भिंतीतले कोनाडे. आजोळच्या घरातली फडताळं. लग्न होऊन सांगलीला आले, तेव्हा मिरजेत तंतुवाद्य कारागिरांकडे वाळायला टांगलेले भोपळे. मग मासिकं हाती आली आणि मी कात्रणं चिकटवू लागले. काढायचं कमी झालं, कापायचं वाढलं.

२०१५ साली कर्ज काढून तळमजला नव्यानं केला. सगळा कात्रणांसारखा! भुशाच्या बोर्डाची कपाटं, भिंतीला भिंतीइतका कागद, गुळगुळीत लाकडी दिसणारी जमीन. सासूबाई म्हणाल्या, ‘अगं, नदी जवळ आहे.’ मी म्हटलं, ‘२००५ पुन्हा थोडंच येतंय?’ त्यांची सागवानी दिवाण आणि पाट मी मागच्या खोलीत ढकलले.

ऑगस्ट २०१९. तुम्ही बातम्यांत पाहिलंत, आम्ही जिन्यावरून पाहिलं. महाबळेश्वराहून निघालेली, माहुलीला वेण्णेला भेटून आलेली आपलीच कृष्णा एकेक पायरी चढत होती. होडी आली तेव्हा मुलगा नऊ वर्षांचा होता. कडेवर घेण्याचं त्याचं वय नव्हतं, तरी घेतलं. वही खालच्या कपाटात राहिली.

पाणी ओसरल्यावर परतलो. बोर्डाची कपाटं पुरीसारखी फुगून फुटली होती. कागदामागे काळी बुरशी धरली होती. कर्जाचे हप्ते मात्र जसेच्या तसे होते. ओढून बाहेर टाकताना हातात राहिले ते दिवाण आणि पाट. धुतले, सावलीत वाळवले, आजही वापरतोय. सासूबाई एक शब्द बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं वाटलं असतं.

वही चिखलातून काढली आणि गच्चीवर दोरीला पानं चिमट्यांनी लावली. गुळगुळीत कात्रणांचा एकच लगदा झाला होता. पेनची शाई पसरली होती. पण पेन्सिलची चित्रं शाबूत होती. कोनाडे दिसत होते, भोपळे दिसत होते. आणि सरांचे पेन्सिलीतले दोन शब्दही.

नंतरचं घर मी त्या वाळलेल्या पानांवरून लावलं. कपाटांऐवजी भिंतीत कोनाडे आणि कडाप्प्याच्या फळ्या. खाली शहाबादी फरशी. विजेची बटणं खांद्याच्या उंचीवर. जड वस्तू मोजक्या, बाकी सगळं दोघांनी उचलून माडीवर नेता येईल असं. भिंतीवर एकच चित्र, मुलानं काढलेलं. जुलै २०२१ मध्ये पाणी पुन्हा आलं. या वेळी चिखल काढला, फरशी घासली, भिंती वाळू दिल्या आणि दिवाण खाली आणली. नवं काही विकत आणावं लागलं नाही. लोक विचारतात, ‘डिझायनर कोण?’ मी म्हणते, ‘निम्मं मेणवलीनं केलं, निम्मं कृष्णेनं.’

मैत्रिणींनो, आता तुम्ही मोबाइलवर रोज शंभर सुंदर खोल्या बघता. जरूर बघा. पण त्यातली एक तरी हातानं काढून पाहा. काढताना कळतं की उजेड कुठून येतो, माणूस बसणार कुठे आणि केर निघणार कसा. आणि घरातल्या म्हाताऱ्या माणसाला एकदा विचारा. हे मला महागात पडून समजलं आहे.

शेवटचं सांगते. पुराच्या वर्षी डिसेंबरात मुलाला घेऊन मी औंधला गेले. त्याच शिल्पासमोर उभी राहिले, घड्याळ न बघता. होडीतली ती दुपार आठवली. माझा हात कुठे संपत होता आणि मुलगा कुठे सुरू होत होता, हे त्या वेळी मलाही सांगता आलं नसतं. शिल्प अर्धवट नव्हतं. मुलगा म्हणाला, ‘आई, चल ना.’ मी म्हटलं, ‘थांब, गृहपाठ राहिलाय.’

सर, आज तुम्ही पहिल्या रांगेत बसला आहात. वही बाहेरच्या टेबलावर ठेवली आहे. पुन्हा बघितलं, सर. तपासून द्यावी, ही विनंती.