टनाचा हिशेब आहे, माणसाचाही हवा
(उस्मानपुरा येथे झालेल्या हितचिंतकांच्या बैठकीतील भाषण)



दसरा झाला की कन्नड-सोयगावकडच्या भिल्ल वस्त्यांवरून जोडपी ऊसतोडीला निघतात. मागे राहतात म्हातारी माणसे आणि शिधापत्रिका. अशाच एका वस्तीवर एक आजी मला म्हणाल्या, "पोरगा तोडीला, सून तोडीला, तरी चुलीवर दाणा सरकारचाच."

अन्नसुरक्षा कायदा २०१३ सालचा. प्राधान्य कुटुंबाला महिन्याला माणशी ५ किलो आणि अंत्योदय कुटुंबाला ३५ किलो धान्य मिळते. जानेवारी २०२३ पासून ते मोफत आहे. हा त्यांचा हक्कच आहे. पण पहाटेपासून राबणाऱ्या घराला त्याशिवाय भागत का नाही?

जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर टनाला २७३ वरून ३६६ रुपये झाला. जोडप्याने दिवसाला दोन टन तोडला, तर दोघांचे मिळून ७३२ रुपये. त्यातूनच मुकादमाची उचल फिटायची. मजुरी जिथे कमी पडते, तिथे सरकारी गोदाम भर घालते. म्हणजे त्या धान्याचा लाभ स्वस्तात काम करून घेणाऱ्यालाही होतो. लाभार्थी म्हणून नाव मात्र मजुराचेच लागते.

कारखान्याच्या काट्यावर उसाच्या प्रत्येक गाडीची पावती निघते. गोपीनाथ मुंडे ऊसतोड कामगार महामंडळासाठीचे १० रुपयेही टनावरच ठरले आहेत, आणि शासनाची भरही तेवढीच. टन मोजला जातो, माणूस नाही. १९७९ च्या स्थलांतरित कामगार कायद्याने ठेकेदारावर मजुरांची माहिती कळवण्याची आणि त्यांना पासबुक देण्याची जबाबदारी टाकली होती. पण ती राज्याबाहेर जाणाऱ्यांपुरती. कन्नडहून कोल्हापूरला जाणारा त्यात बसत नव्हता.

म्हणून मागणी साधी आहे. किती कोयते आले, कोणत्या तालुक्यांतून आले आणि त्यांतली किती घरे रेशनच्या धान्यावर आहेत, हे प्रत्येक कारखान्याने हंगामाच्या सुरुवातीला शासनाला कळवावे आणि ते सर्वांना पाहता यावे.

एक काळजी मात्र घ्यावी लागेल. रेशनबाबत कळवायचा तो आकडा, नावे नव्हेत. नावे गेली, तर मुकादम रेशनवाल्यांना टाळेल, किंवा कोणी "कमावतात की" म्हणून शिधापत्रिकाच रद्द करायला निघेल. मालकाला जाब विचारायचा आणि घास गरिबाचा जायचा, असे होता कामा नये.

हे होईल तेव्हा होईल. तोवर आपल्या हातात काय आहे? यंदा जोडपी निघण्याआधी वस्त्यांवर चला. आपल्या वाट्याचे धान्य राज्यातल्या दुसऱ्या गावच्या रेशन दुकानातही अंगठा देऊन घेता येते, हे त्यांना सांगा. प्रत्येक घराला एक वही द्या; उचल किती, तोड किती, फिटले किती, हे तिच्यात लिहायला शिकवा.

आजींच्या घरची वही मी स्वतः घेऊन जाणार आहे. बाकीच्या घरांसाठी तुमची वाट पाहतो.