मूळ गाव आणि राहतं गाव

(मंडळाच्या गणेशोत्सवातील भाषणाचे शब्दांकन)



मंडळाने बोलायला सांगितलं तेव्हा घरात पहिला प्रश्न आला की, सरकारी खात्यातला उपयंत्री गणपतीसमोर काय बोलणार, रस्त्याच्या खड्ड्यांवर? खड्ड्यांवर बोलायला वर्षभर लोक आहेतच. आज आपण एका साध्या प्रश्नावर बोलू. तो प्रश्न आपल्यापैकी प्रत्येकाला लग्नकार्यात एकदा तरी विचारला जातो : "तुमचं मूळ गाव कोणतं?"

या प्रश्नाला आपण इंदूरकर दोन उत्तरं देतो. तहसील कार्यालयातून आपण 'मूल निवासी' असा दाखला काढतो. त्यावर शिक्का असतो, की हा मनुष्य मध्य प्रदेशचा मूळ रहिवासी आहे. तोच दाखला खिशात घालून संध्याकाळी मुंजीला जातो आणि तिथे सांगतो, "आम्ही मूळचे राजापूरकडचे." दोन्ही उत्तरं खरी आहेत. गंमत अशी, की दुसरं उत्तर देणाऱ्यांपैकी निम्म्यांनी ते गाव पाहिलेलं नसतं.

आपल्याकडे आडनाव म्हणजेच पत्ता असायचा. या शहराचे राजे घ्या. नीरेकाठच्या होळ गावचे म्हणून ते होळकर. मल्हाररावांचं बालपण खानदेशात तळोद्याला मामांकडे गेलं, कर्तृत्व माळव्यात गाजलं, पण नावात होळ राहिलं ते राहिलंच. ग्वाल्हेरच्या शिंद्यांचं कण्हेरखेड, बडोद्याच्या गायकवाडांचं दावडी. राज्यं मिळाली तरी मूळ खेड्याचं नाव कोणी टाकलं नाही. त्यांच्यामागून आपली मंडळी आली. कोणी फौजेबरोबर आलं, कोणी दफ्तरात कारकून म्हणून, कोणी पुराणिक, कोणी वैद्य. 1818 मध्ये मंदसौरच्या तहानंतर राजधानी इंदूरला आली आणि इथे माणसं वाढली. पुढे मास्तर आले, वकील आले, रेल्वेवाले आले. 1948 मध्ये संस्थान मध्य भारतात विलीन झालं, 1956 मध्ये मध्य प्रदेश झाला. राज्याचं नाव बदलत गेलं, आपण तिथेच राहिलो.

आमच्या लहानपणी मूळ गावाकडे जायची वाट म्हणजे खंडव्याची छोटी गाडी. महू सोडलं की पातालपाणीचा धबधबा, मग बोगदे, मग कालाकुंडला पळसाच्या पानावरचा कलाकंद. नर्मदेचा पूल आला की आजी प्रत्येकाच्या हातात एक नाणं द्यायची. नाणं पाण्यात पडलं की पुलाच्या लोखंडावर आदळलं, यावर भावंडांची भांडणं व्हायची. खंडव्याला मोठ्या गाडीत बसलं, की भुसावळपासून फलाटावर मराठी पाट्या दिसायच्या आणि आजोबा उगाचच ताठ बसायचे. ती मीटर गेजची वाट आता सलग उरलेली नाही. घाटातल्या एका टप्प्यात पर्यटकांची गाडी चालते, तिकीट काढून जरूर जा. पण ती गाडी खंडव्याला जात नाही आणि आजोबाही आता नाहीत.

मोठेपणी आम्ही आमचं ते गाव पाहून आलो. घर नव्हतं, जोतं होतं. खात्याची सवय म्हणून पावलांनी मोजलं. साधारण पाच खणांचं घर असावं. जोत्यावर काजूची झाडं. भाऊबंदांनी प्रेमाने जेवायला घातलं. "इंदूरवाले आले" म्हणून आळीतली माणसं बघायला आली आणि आमचं मराठी ऐकून पोरं तोंड लपवून हसली. "तुम्ही काय करून राहिले?" असं आमच्या तोंडून सहज गेलं होतं. पण एक गोष्ट सांगण्यासारखी घडली. गौरीचा विषय निघाला. आम्ही म्हणालो, आमच्याकडे खड्यांच्या गौरी असतात, पाणवठ्यावरून सात खडे आणतो, मुक्याने आणतो, नैवेद्याला घावन-घाटलं. तिथल्या काकू थबकल्या. म्हणाल्या, "तुम्ही अजून घाटलं करता? आमच्याकडे सासूबाई गेल्या आणि बंदच झालं."

म्हणजे गावानं टाकलेली चाल इंदूरच्या फ्लॅटमध्ये जिवंत होती. दूर गेलेला माणूस घट्ट धरून ठेवतो, याचा हा दाखला. आपल्या मंडळातल्या घरांकडे या नजरेनं पाहा. गौरीच्या दिवसांत कोणाच्या पानात काय आहे, यावरून ते घर कुठून आलं ते सांगता येतं. घावन-घाटलं असेल तर वाट कोकणातून आली. मुखवट्यांच्या उभ्या महालक्ष्म्या, सोळा भाज्या, पुरण आणि आंबील असेल तर देशावरून किंवा त्याच्याही पलीकडून. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत, रोडगा आणि तळी असेल तर जेजुरीचा खंडोबा घरात आहे. नकाशा हरवला तरी हे नैवेद्य गावाचा पत्ता सांगतात.

आता आमचे खडे कुठून येतात तेही सांगतो. पूर्वी वाड्यातल्या विहिरीवरून यायचे. विहीर बुजली. मग काही वर्षं नळाखाली ठेवलेले खडे चालवून घेतले. आता आमचा दौरा बडवाहकडे असला की नर्मदेच्या पात्रातून सात खडे निवडून रुमालात बांधून आणतो. कोकणातल्या गौरी नर्मदेच्या दगडात बसतात. आईला विचारलं, चालेल का? ती म्हणाली, "तिला आणणारं कोणी आहे ना, मग चालतं."

पण बंधू-भगिनींनो, सगळंच असं चालतं असं नाही. दोन गोष्टी आपल्या डोळ्यांदेखत हातातून जात आहेत.

पहिली म्हणजे कागद. वडील गेल्यानंतर आम्ही नाशिकला गोदावरीवर गेलो होतो. तिथल्या तीर्थोपाध्यायांना आडनाव आणि मूळ गाव सांगितलं. त्यांनी आतून जुनी नामावली काढली, पानं उलटली आणि एका जागी बोट ठेवलं. आमच्या पणजोबांनी स्वतःच्या हातानं लिहिलेला मजकूर होता. पण लिपी मोडी. पणजोबांचं अक्षर समोर, आणि त्यांच्या वंशातल्या आम्हा तिघा भावांना त्यातला एक शब्द लागेना. उपाध्यांनीच वाचून दाखवलं : कोणाचे पुत्र, कोणाचे नातू, मुक्काम इंदूर, कशासाठी आले, बरोबर कोण. आमच्या पणजीचं नाव आम्हाला तिथे पहिल्यांदा कळलं. घरात तिला सगळे 'मोठी आई' म्हणायचे, नाव कोणाला ठाऊकच नव्हतं.

आपल्यापैकी कित्येकांच्या माळ्यावर अशी रुमालात बांधलेली दफ्तरं आहेत. वंशावळ असेल, सनद असेल, नाहीतर नुसता किराण्याचा हिशेब असेल. वाचता येत नाही म्हणून ती रद्दी होतात. खरं तर मोडी भलतं अवघड प्रकरण नाही. आधी ओळभर आडवी रेघ मारायची आणि हात फारसा न उचलता अक्षरं तिच्याखाली लिहीत जायची. ऱ्हस्व-दीर्घाची पर्वा नाही. एक गंमत ऐका. जुन्या कागदावर 'सबा सबैन मया व अलफ' असं दिसलं तर तो मंत्र नव्हे, ते साल आहे. अरबी आकडे उलट्या क्रमानं मांडलेत : सात, सत्तर, शंभर आणि हजार. म्हणजे शुहूर सन 1177. त्यात 599 किंवा 600 मिळवले की इसवी सन 1776-77. एवढं कळलं तरी हातातला कागद पानिपतानंतरचा की आधीचा, ते घरबसल्या सांगता येतं.

दुसरी गोष्ट वाडे. आम्ही ज्या वाड्यात वाढलो तो विकला गेला. विकायला नको होता, असं आम्ही म्हणणार नाही. चार भावांचे हिस्से, एक पुण्यात, एक बंगलोरला, आणि पावसाळ्यात कडीपाटातून गळणारं पाणी. वाड्याची आठवण काढणाऱ्यांनी तिथला एकच नळ आणि पहाटेची रांगही आठवावी. पण त्या वाड्यात देवडीच्या आत मराठी होतं आणि उंबऱ्याबाहेर हिंदी-माळवी, आणि आम्हा मुलांना दोन्ही न शिकवता आल्या. ओसरीवर कोणाचाही मुलगा कोणाच्याही ताटात जेवायचा. अनंत चतुर्दशीच्या रात्री गिरण्यांच्या झांक्या बघायला सगळा वाडा एकत्र निघायचा. धाकटे खांद्यावर, म्हातारी माणसं आधीच जाऊन जागा धरून बसलेली. गिरण्या बंद पडल्या, झांक्या मात्र आजही निघतात. कामगारांनी ती परंपरा ज्या ओढीनं टिकवली, त्यापासून आपण शिकण्यासारखं आहे.

आमच्या खात्यातले वरिष्ठ हरसूदची हकीकत सांगायचे. 2004 मध्ये इंदिरा सागर धरणासाठी ते अख्खं गाव रिकामं झालं. लोकांनी आपली घरं आपल्याच हातांनी पाडली आणि चौकटी, विटा, पत्रे ट्रॉलीत घालून नेले. त्या माणसांना गाव सोडायचं की नाही हे कोणी विचारलं नव्हतं. तरी चौकट बरोबर नेली. आपला वाडा आपण आपल्या मर्जीनं, आपल्या सहीनं विकतो. मग निदान त्याचं माप तरी घरात असू नये का?

आमच्या कामात मेजरमेंट बुक असते, सगळे तिला एम.बी. म्हणतात. साइटवर काम कितीही झालं असलं तरी एम.बी.मध्ये चढलं नाही तर ते झालं नाही असंच धरतात. घराण्याचंही तसंच आहे. आजीला माहीत होतं, हे खरं. पण कुठे चढलं होतं? म्हणून आमच्या अल्प समजुतीप्रमाणे तीन कामं सुचवतो.

एक. ज्यांचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी विकण्यापूर्वी एका रविवारी टेप घेऊन माप घ्यावं. खण किती, चौक केवढा, देवघर कुठे, विहीर कुठे, हे एका कागदावर काढावं आणि प्रत्येक खोलीत कोण राहत असे ते लिहावं. टेप धरायला आम्ही येतो. चहाशिवाय काही फी नाही.

दोन. मोडी कागदांना प्लॅस्टिकचं लॅमिनेशन करू नका, चिकटपट्टी लावू नका. सुती कापडात ठेवा, उजेडात फोटो काढा आणि प्रत्येकाला नंबर द्या. पुण्यात 1910 पासून भारत इतिहास संशोधक मंडळासारखी संस्था याच कामात आहे. मोडी शिकवणारे वर्गही चालतात. आपल्या मंडळानं एका जाणकाराला महिन्यातून एकदा बोलवावं, एवढी विनंती अध्यक्षांना या व्यासपीठावरूनच करतो.

तीन. घरातल्या सर्वांत वडील बाईंना विचारून कुलाचार लिहून काढा. कोणत्या सणाला काय, कोणत्या क्रमानं आणि का. 'का' माहीत नसेल तर तेवढी जागा कोरी सोडा. आणि त्या बाईंचं नाव वर लिहा, पूर्ण नाव.

हे सगळं कोणासाठी, असं कोणी विचारेल. मागच्या रांगेतल्यांसाठी. तुमच्यातले निम्मे उद्या पुण्याला नोकरीला जातील. काही गेलेच आहेत. दोनशे वर्षांपूर्वी आपले लोक तिकडून इकडे आले, आता मुलं इकडून तिकडे चालली. आमचा पुतण्या हिंजवडीला आहे. पहिल्या महिन्यात फोनवर म्हणाला, "काका, इथे पोह्यांवर शेव नाही, जिरावण नाही, बडीशेप तर नाहीच. आणि ऑफिसात मला हिंदीवाला म्हणतात." इथे आपण मराठी, तिथे तो इंदूरी. पुण्याच्या त्या खोलीत त्याने जिरावणाचा डबा ठेवलाय आणि तिथल्या इंदूरच्या पोरांना जमवून रविवारी पोहे करतो. एकमेकांना हाक मारतात 'भिया' म्हणून.

त्याच्या मुलांना कोणी विचारेल, मूळ गाव कोणतं? ती मुलं राजापूर सांगणार नाहीत. ती इंदूर सांगतील. म्हणजे आजवर आपण ज्यांची आठवण काढत आलो, त्या पूर्वजांच्या रांगेत आता आपण जाऊन बसलो आहोत. ती मुलं कधीतरी या गावात येतील. तेव्हा जोत्यावर काय उभं असेल कोण जाणे, बहुधा आठ मजली इमारत असेल. पण मंडळाच्या कपाटात त्यांच्या वाड्याचं माप असावं, पणजीचं पूर्ण नाव असावं आणि घाटल्याची कृती असावी.

उद्यापासून टेप आमच्या स्कूटरच्या डिकीत ठेवलेला असेल. ज्यांना बोलवायचं त्यांनी कार्यक्रमानंतर वेळ सांगून ठेवावी.  आरतीची वेळ झाली आहे.

गणपती बाप्पा मोरया!