जमीन घराला शोभावी

घरात येणाऱ्याची नजर आधी भिंतींवर, चित्रांवर, खुर्च्या-कपाटांवर फिरते. जमिनीकडे ती बहुधा शेवटी वळते. तरीही घरातील प्रत्येक वस्तूचे दिसणे जमिनीवर अवलंबून असते, कारण प्रत्येक वस्तू तिच्यावरच उभी असते. पडदे मनात येईल तेव्हा बदलता येतात, भिंतीचा रंगही काही वर्षांनी बदलतो. जमीन मात्र एकदा केली म्हणजे तिच्याशी दीर्घकाळ संसार करावा लागतो. म्हणूनच तिची निवड विचारपूर्वक करावयास हवी.

लाकडी जमीन मराठी घराला अगदीच परकी नव्हती. जुन्या वाड्यांत तुळयांवर फळ्या टाकून माडी उभारीत. परंतु तळमजल्यावर शेणाने सारवलेली भुई असे. पुढे तेथे शहाबादी फरशी आली, नक्षीच्या सिमेंटच्या लाद्या आल्या, मोझेक आले. उन्हाळ्याच्या देशात पायाला गारवा हवा, हे त्यामागचे साधे कारण होते. सिमला-काश्मीरसारख्या थंड प्रदेशांत पायाला ऊब हवी, म्हणून तेथे लाकडी जमिनीचा प्रघात पडला. आज नागपूर, इंदूर, बंगळूर येथील सदनिकांतही लाकडी दिसणारी जमीन आढळते. मात्र ती बहुधा लाकडाची नसते.

या जमिनीचे मुख्य प्रकार तीन. पहिला लॅमिनेटचा. लाकडाचे तंतू दाबून केलेली फळी, तिच्यावर लाकडाचे चित्र छापलेला कागद आणि त्यावर राळेचा पारदर्शक, कठीण थर, अशी त्याची रचना. स्वीडनमधील पेरस्टॉर्प या कंपनीने १९७७ साली ही जमीन प्रथम तयार केली. दुसरा प्रकार व्हिनिलच्या पट्ट्यांचा; त्यांतील काहींत दगडाची भुकटी मिसळून त्यांना कणखरपणा आणलेला असतो. तिसरा प्रकार व्हिट्रिफाइड लादीचा. गुजरातेतील मोरबी हे अशा लाद्यांचे मोठे केंद्र आहे. तेथे भाजलेल्या मातीच्या पाठीवर सागाच्या रेषा, ओकच्या गाठी आणि अक्रोडाच्या छटा इतक्या हुबेहूब उमटविल्या जातात की, हात लावल्यावाचून भेद कळत नाही. अनुकरण इतके सोपे झाले म्हणूनच निवड अवघड झाली आहे.

बडोद्यातील एका मराठी घराची कल्पना करावी. पणजोबा सयाजीराव महाराजांच्या राज्यात नोकरीस आले, तेव्हापासून कुटुंब तेथेच स्थिरावलेले. दिवाणखान्यात त्यांच्या काळचे सागवानी कपाट, पितळी कड्यांचा झोपाळा आणि शिसवी चौरंग. भिंती साईच्या रंगाच्या. जुन्या लाद्या उखडल्या, म्हणून मुलाने व सुनेने दुकानात जाऊन राखी रंगाच्या लाकडाचा भास देणारी, चकचकीत लादी पसंत केली. दुकानात ती फार देखणी दिसत होती, कारण तिच्या शेजारी पांढरी भिंत आणि काचेचे टेबल होते. घरी ती बसली आणि कपाट एकाएकी तांबडे व जुनाट दिसू लागले. झोपाळाही मळल्यासारखा वाटू लागला. आठवड्याभरात सून म्हणाली, "आई, हे कपाट आता इथे शोभत नाही, काढून टाकायचं का?" सासूबाई शांतपणे म्हणाल्या, "कपाट होतं तिथेच आहे ग. बदलली ती जमीन."

या उत्तरात सगळा विषय आला आहे. घरासाठी जमीन निवडावयाची असते, जमिनीसाठी घर नव्हे. गवई आपल्या गळ्याला मानवेल त्या पट्टीत तंबोरा लावतो. तंबोऱ्यासाठी गळा बदलीत नाही. जे सामान घरात राहावयाचे आहे, ते आधी ठरवावे आणि त्याच्या सुरात जमीन शोधावी. त्या कुटुंबाने दुकानाची पायरी चढण्यापूर्वी कपाटाकडे एकदा नीट पाहिले असते, तरी पुरे होते.

आता हे पाहावयाचे कसे? प्रत्येक लाकडाच्या रंगाला एक कल असतो. साग पिवळ्याकडे झुकतो, शिसव जांभळट काळेपणाकडे. छपाईच्या फळ्यांत राखी, निळसर छटाही येतात. हा कल नुसत्या डोळ्यांना चटकन उमगत नाही. नमुन्याशेजारी कोरा पांढरा कागद ठेवला की तो उघडा पडतो. सामानाचा कल उबदार असेल, तर जमिनीचाही तसाच असावा. मात्र दोहोंची छटा तंतोतंत जुळविण्याचा हट्ट धरू नये. खरा साग उजेडाने, हाताळण्याने आणि वर्षांच्या ओघात रंग पालटतो; त्याचे छापील चित्र त्याच्या सोबतीने वयात येत नाही. आज जुळलेली जोडी उद्या किंचित चुकते, आणि किंचित चुकलेले मोठ्या फरकापेक्षा अधिक खुपते. म्हणून कल एक ठेवावा, पण जमीन सामानाहून दोन छटा फिकी किंवा दोन छटा गडद घ्यावी. लहान, अंधाऱ्या खोलीला फिकी बरी.

नमुना घरी आणावा आणि तो उभा न धरता जमिनीवर आडवा ठेवावा, कारण आडव्या पृष्ठभागावर उजेड निराळा पडतो. कपाटाच्या पायाशी, दाराच्या चौकटीपाशी आणि खिडकीजवळ तो सकाळी, दुपारी व दिवे लागल्यावर पाहावा. २७०० केल्विनच्या पिवळसर दिव्याखाली मधासारखी भासणारी फळी ६५०० केल्विनच्या पांढऱ्या दिव्याखाली फिकट पडते. एकच नमुना पाहूनही भागत नाही. छापील लाद्यांत एकच गाठ पुन्हा पुन्हा आली की भास मोडतो. यासाठी चार-सहा लाद्या शेजारी मांडून त्यांतील चित्रे किती वेगवेगळी आहेत, हे तपासावे. झळाळीपेक्षा मंद पोत बरा. चकचकीत पृष्ठभागावर धूळ आणि पावलांचे ठसे लगेच दिसतात, आणि खरे लाकूड आरशासारखे सहसा चमकत नाही.

बसविण्याच्या कामातही तारतम्य लागते. पट्ट्या खोलीच्या लांबीच्या किंवा खिडकीतून येणाऱ्या उजेडाच्या दिशेने टाकल्यास सांधे कमी जाणवतात. लांब लाद्या भाजताना मध्यभागी किंचित फुगतात. त्यामुळे एकीचा मध्य दुसरीच्या टोकाशी आला तर कडा वर-खाली होतात. एक-तृतीयांश सरकवून बसविल्यास हा दोष झाकतो. सांध्यांतील भरावही लादीच्याच रंगाचा असावा. जुन्या फरशीवर लॅमिनेट टाकावयाचे असेल, तर ८ ते १२ मिलिमीटर जाडी वाढते. दारे खालून तासावी लागतील, याची सुताराला आगाऊ कल्पना द्यावी. भिंतीलगत ८ ते १० मिलिमीटर मोकळी फट ठेवणे आवश्यक, कारण हवेतील ओलाव्याने फळी पसरते.

घराचे रूप त्यातील माणसांच्या सवयींनीही घडते. ज्या घरात रोज बादलीभर पाण्याने फरशी पुसली जाते, कोकणच्या पावसाळ्यात जेथे भिंतींना ओल धरते, तेथे लॅमिनेट फुगावयाचेच. तेथे लादी किंवा व्हिनिल घ्यावे. वृद्धांच्या घरात लादी खडबडीत पोताची असावी. ओल्या गुळगुळीत लादीवरून पाय घसरण्याचा धोका मोठा. देवघर आणि स्वयंपाकघर यांना पाण्याची सवय असते, त्यांची जुनी फरशी शाबूत असेल तर ती तशीच ठेवण्यात कमीपणा नाही.

बडोद्याच्या त्या घरात लादी पुन्हा उखडणे खर्चाचे होते. तेव्हा कपाट आणि झोपाळा यांच्या खाली डाळिंबी रंगाची मोठी सतरंजी अंथरली गेली. राखी जमीन आणि तांबूस साग यांचा प्रत्यक्ष सामना टळला. पांढरे दिवे काढून पिवळसर दिवे लावले. चूक पुरती मिटली नाही, पण सुसह्य झाली, आणि कपाट घरात राहिले.

हे महत्त्वाचे, कारण सजावटीच्या नावाखाली अनेक घरांतून दोन-तीन पिढ्यांच्या वस्तू बाहेर पडतात, आणि त्यांच्याबरोबर त्या वापरणाऱ्या माणसांची आठवणही. सागाचा भास देणारी लादी बाजारात पुन्हा मिळेल. पणजोबांचे सागवानी कपाट एकदा गेले की परत येणार नाही. ज्या जमिनीवर ते कपाट आपल्या जागी उभे असल्यासारखे दिसते, ती जमीन त्या घराला शोभणारी म्हणावी.